पावडरीच्या खोलीतली अंडी

मी बारामतीच्या बाजूच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर आधी गवत काढते, गवतापुढे नाकतोडा, त्यापुढे बेडूक, मग साप आणि शेवटी घार. मधे बाण. माझा बेडूक बटाट्यासारखा येतो, म्हणून त्याच्याखाली ‘बेडूक’ असं लिहावं लागतं. अन्नसाखळीचा हा धडा मला झोपेतून उठवलं तरी शिकवता येईल. एवढं असून ज्या साखळीत मी स्वतः सातव्या महिन्याचं पोट घेऊन बसले होते, ती काही मला दिसली नाही. याचं आता हसू येतं आणि रागही येतो, आणि राग मला तसाही लवकर येतो.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत डॉक्टर झाले, नवस झाले, नणंदांच्या ओळखीतले काढे पिऊन झाले. शेवटी आम्ही दोघांनी विषय सोडून दिला, आणि विषय सोडल्यावर दिवस गेले. त्यामुळे पोटातल्या जिवाची मला इतकी काळजी होती, की जिना उतरताना मी कठड्याशी बोलायचे. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि मी कळस गावाच्या अलीकडे माहेरी आले. वस्तीवरचं घर, तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला विहीर. घरात आई आणि तात्या. तात्या म्हणजे माझे वडील. अंगणात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, जो स्वतःला या सगळ्या इस्टेटीचा मालक समजायचा.

आईनं माझ्यासाठी अंडी साठवली होती. बाजरीच्या डब्यात हात घातला की अंडंच हाताला लागायचं. रोज सकाळी दोन, तुपात परतलेली. सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे अंडं शिजत नाही, पण आईनं हिशेब आधीच बसवला होता. सोमवारची दोन मंगळवारी, गुरुवारची दोन शुक्रवारी. मंगळवारी सकाळी ताटात चार अंडी बघून मी म्हटलं, “आई, मला बाळंत व्हायचंय, कुस्ती खेळायची नाहीये.”

“गप खा. ही काय पोल्ट्रीची हायत व्हय? पिंजऱ्यात डांबलेली बिचारी, जमिनीचं तोंड न्हाय बघितलेलं. माझ्या कोंबड्या दिवसभर मातीत असत्यात.”

मातीत असतात हे खरंच. दिवस उगवला की त्या खुराड्यातून बाहेर पडायच्या, पायांनी जमीन उकरायच्या, गांडुळं ओढून काढायच्या आणि दुपारी विहिरीपाशी धुळीत लोळायच्या. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, एरवी माहेराहून परतले की शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून सांगायचे, “आमच्या आईची गावरान अंडी. शुद्ध. हायब्रीड नाही.” सहकारी बायका हेव्यानं बघायच्या. एकीनं तर दर शनिवारी डझनभर आणशील का म्हणून विचारलं होतं. मी आणली नाहीत ते निव्वळ आळसामुळे, आणि आयुष्यात मला माझ्या आळसाचा इतका आनंद कधी झालेला नाही.

कोंबड्यांचं खुराडं विहिरीजवळच्या खोलीत होतं. त्या खोलीला घरात सगळे पावडरीची खोली म्हणायचे. पण नावं चिकटतात आणि मग कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. आमच्या भागात ‘पाटलाची विहीर’ म्हणतात आणि पाटील तीन पिढ्यांपूर्वी गेलेला असतो. पावडरीच्या खोलीतही पावडर नाही, कोंबड्या आहेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईला मात्र ती खोली फार प्रिय. आधी तिनं कोंबड्या गोठ्याच्या कडेला ठेवून बघितल्या होत्या, तर अंगाला उवा व्हायच्या, पिल्लं मरायची. पावडरीच्या खोलीत हलवल्यापासून उवा निम्म्यानं कमी झाल्या. आईच्या भाषेत ती खोली कोंबड्यांना ‘लाभली’. दसऱ्याला त्या खोलीच्या दाराला ती झेंडूचं तोरण लावायची.

नववा महिना लागला आणि एक तांबडी कोंबडी खुडूक बसली. अंड्यांवरून उठेना, जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर यायची. आई म्हणाली, “तिच्या पंखाखाली उवा झाल्या असतील. जा, फळीवरचा पत्र्याचा डबा आन. दोन चिमटी लावू.”

मी पोट सांभाळत खोलीत गेले. फळीवर गंजलेला डबा होता. झाकण उघडलं आणि तो वास आला. कुबट, जुनाट, नाकाच्या मागे जाऊन बसणारा. मी चार-पाच वर्षांची असताना या खोलीत यायला बंदी होती, तेव्हा दाराबाहेर उभं राहिलं तरी हाच वास यायचा. डब्यावरची चिठ्ठी अर्धी उंदरानं खाल्ली होती, पण तीन अक्षरं शिल्लक होती. बीएचसी.

बाहेर येऊन मी डबा लांब धरून विचारलं, “आई, हे काय आहे?”

“पावडर हाय, दुसरं काय?”

“किती वर्षांची?”

“तुझ्या लहानपनाची. आगं पन अजून कडक हाय बघ! जरा टाकली की उवा खलास. आताच्या औषधात न्हाय एवढा दम.”

मी पायरीवर बसले. किडी मारायच्या या पावडरीवर मी लहान असतानाच बंदी आली होती, आणि ती आईला ज्या गुणासाठी आवडत होती, त्याच गुणासाठी आली होती. ती संपत नाही, नासत नाही, विरत नाही. मी आईला विचारलं की कोंबड्यांना ती कधीपासून लावतेस. आई म्हणाली, कायमच, पण चिमटीच. जास्त लावली तर लवकर संपंल, आता बाजारात मिळत न्हाय.

तेवढ्यात तात्या उसातून आले. डबा बघून त्यांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा फुलला. “हिची पोतीच्या पोती आसायची हितं. हुमणीची अळी लागली की ऊस मुळातनं बसायचा. मग आमी फडक्यात पावडर बांधायची आन् सरीतनं झटकत जायचं. पांढरं हून घरी आलो की तुझी आई म्हनायची, कोन पावना आला?”

“आणि पोती फाटायची?”

“फाटायची की. त्या खोलीत घोट्याएवढी सांडलेली आसायची. बंदी आली तवा पोती गेली, आन् खोली मोकळी पडली. चांगली पक्की खोली, मुंगूस शिरत न्हाय. वाया कशाला घालवायची?”

घोट्याएवढी पावडर सांडलेली जमीन, त्या जमिनीवर इतकी वर्षं उकरणाऱ्या कोंबड्या, त्यांच्या पंखांखाली वरून चिमटी, आणि त्यांची अंडी दोन महिने माझ्या पोटात. माझ्या, म्हणजे आमच्या दोघांच्या. मी ओरडले. काय बोलले ते आठवत नाही, पण कोंबडा पळाला एवढं आठवतंय.

आई सुपात ज्वारी निवडत होती. ती शांतच. “उगं काय बी बोलू नको. एवढी वर्षं सगळ्यांनी खाल्ली, कोन मेलं? आन् अंड्याचं कवच बघ कसं टणक हाय. औषधानं कवच पातळ होतंय म्हनून तूच सांगितलं हुतं मागं.”

खरंच सांगितलं होतं. शाळेची सहल सुप्याजवळच्या अभयारण्यात नेली होती, तिथं शिकारी पक्ष्यांबद्दल मुलांना सांगताना हे बोलले होते, आणि घरी येऊन फोनवर आईलाही ऐकवलं होतं. माझंच ज्ञान मला उलटं फेकून मारण्यात आईचा हात कुणी धरणार नाही. मी म्हटलं, “ते घारी-ससाण्यांचं, कोंबड्यांचं तसं होत नाही. थांब, तुला दाखवते.”

मी तिच्या सुपातून मूठभर ज्वारी घेतली आणि शहाबादी फरशीवर एकेक दाणा लांब लांब ठेवला. चाळीसेक दाणे असतील.

“ज्वारी सांडू नको.”

“ही माती समज. दाणा म्हणजे पावडर. कुठंही बघ, एकेकच दाणा. याला कोण घाबरेल?”

“तेच म्हंते मी.”

“आता गांडूळ. ते दिवसभर मातीच खातं.” मी पाच-पाच दाणे बोटानं ओढून ढीग केले. आठ ढीग झाले. “माती बाहेर टाकतं, पावडर आत राहते. आणि ही गांडुळं कोण खातं...”

मी कोंबडी म्हणणारच होते. पण तुऱ्याच्या काळ्या कोंबडीला माझं बोलणं संपेपर्यंत थांबायची गरज वाटली नाही. ती सरळ फरशीवर आली आणि टक टक टक करत आठही ढीग साफ करून गेली. एक दाणा कडेला निसटला होता, तोही मागे वळून उचलला. मग चोच फरशीला पुसली आणि आमच्याकडे मान वाकडी करून बघत राहिली. इतका चांगला प्रयोग माझ्याकडून वर्गात एकदाही झालेला नाही.

तात्या खो खो हसले. आई हसली नाही. ती फरशीकडे बघत होती.

“समदं हिच्यातच गेलं की,” ती म्हणाली.

“हो.”

“पन ती हागंल.”

“ज्वारी हागेल. ही पावडर पाण्यात विरघळत नाही आई. चरबीत जाऊन बसते, आणि कोंबडीच्या अंगातून निघायला तिला सगळ्यात सोपी वाट म्हणजे अंड्यातला पिवळा बलक.”

“आन् बलक तू खातीस.”

“हो.”

“आन् तुझ्यातनं,” एवढं म्हणून तिनं माझ्या पोटाकडे बघितलं. मग छातीकडे. सूप तिच्या मांडीवरच राहिलं आणि तात्यांचं हसू थांबलं.

त्या दिवशी मी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, अंडी आजपासून बंद. घाबरायचं नाही, थोडंफार हे आपल्या सगळ्यांच्याच अंगात असतं. आणि बाळ झालं की दूध पाजायचं. पाजायचंच, काही मनात आणायचं नाही. मी फोन ठेवून आईला हे सांगितलं. तिनं तीनदा विचारलं, पाजायचंच म्हनाल्या का, नक्की?

आता प्रश्न बाजरीच्या डब्यातल्या अंड्यांचा. तात्या म्हणाले, उकिरड्यात पुरू. मी म्हटलं, उकिरडा शेवटी शेतातच जातो. कुत्र्याला घालू, तर कुत्र्यानं काय पाप केलंय? विहिरीत टाकू असं बोलायला तात्यांनी तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटलं. मग म्हणाले, कोंबड्याच इंदापूरच्या बाजारात नेऊन विकून टाकू. यावर मी काही बोलायच्या आधी आईच म्हणाली, “तितं बी कुनाची तरी लेक असंलच की.” मला तिचा फार अभिमान वाटला, आणि मी तसं लगेच सांगितलंही. “मग टाकायचं तरी कुठं?” ती वैतागून म्हणाली. याचं उत्तर माझ्या पाठ्यपुस्तकात नाही. शेवटी तात्यांनी डबा आणि अंडी एका प्लॅस्टिकच्या पिंपात घातली, झाकण तारेनं बांधलं आणि खोलीला कुलूप लावलं. आठव्या दिवशी आत अंडी फुटल्याचे आवाज आले आणि कोंबडा कुलपाकडे बघून आरवला. ते पिंप आजही तिथंच आहे. कोंबड्यांना तात्यांनी घरामागे सिमेंटच्या कोब्यावर नवं खुराडं बांधलं, आणि त्या फुकट खाऊन माजल्या.

पण मुख्य गोष्ट राहिली होती. शेजारच्या मळ्यातल्या काकूंच्या सुनेला दोन महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता, आणि ती गरोदर असल्यापासून आई तिला अंडी पुरवत होती. प्रेमानं, पदराखाली झाकून, स्वतः नेऊन द्यायची. सुनेचं बाळंतपण आपल्या अंड्यांनी सुखरूप झालं हे आईनं सगळ्या वस्तीत सांगितलं होतं. पावडरीचा डबा सापडल्यावर दोनच दिवसांनी काकू स्टीलचा डबा घेऊन स्वतःच आल्या.

“अंडी हायत का गं?”

“कुठली अंडी? समद्या खुडूक बसल्यात,” आई म्हणाली.

सहाच्या सहा कोंबड्या एकाच वेळी खुडूक बसल्याचं मी तरी कुठं ऐकलेलं नाही. त्यात नेमकी त्याच वेळी एक कोंबडी घरामागे अंडं घालून मोकळी झाली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायला लागली. काकूंनी तिकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि रिकामा डबा घेऊन गेल्या.

मी आईवर चिडले. काकूंना सांगायला पाहिजे होतं, त्या दुसरीकडून आणतील, त्यांना कळायला पाहिजे. आई चुलीपुढे बसून होती. “काय सांगू तिला? तिच्या सुनेच्या मांडीवर दोन महिन्याचं लेकरू हाय. तुझ्या सुनेला मी इख चारलं म्हनू?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “तुला बी मीच पाजलंय. तवा तर त्या खोलीत पोती हुती. तुझ्यात किती गेलं आसंल माझ्यातनं?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फळ्यावरचा माझा शेवटचा बाण घारीपाशी संपतो. आईच्या दुधातून लेकराकडे जाणारा बाण मी कधी काढलाच नाही, आणि त्या बाणाच्या टोकाला मी चौतीस वर्षं बसले होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, तुला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “काकूला सांगीन मी. तू मधी बोलू नको. माझं मी सांगीन.”

दहा दिवसांनी मला मुलगी झाली. बारामतीच्या दवाखान्यात, पहाटे, भरपूर आरडाओरडा करून, दोघींचाही. तीन दिवसांनी घरी आलो. काकू बघायला आल्या नाहीत. आईनंही जाऊन सांगितलं नाही. रोज म्हणायची, उद्या जाते.

बाराव्या दिवशी बारसं झालं. वस्तीवरच्या बायका आल्या, पाळणा बांधला, कानात कुर्र झालं, पाठीवर धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. नाव काय ठेवलं ते इथं सांगत नाही, मोठी झाल्यावर तिनं भांडायला नको. सगळ्यांच्या शेवटी काकू आल्या, मागे त्यांची सून, कडेवर मुलगा. मला वाटलं, चला, राग गेला. काकू पाळण्याजवळ बसल्या, पिशवीतून एक डबा काढला आणि माझ्या ओटीत ठेवला. डब्यात बाजरी होती. मी बोटानं बाजरी बाजूला केली.

अंडी होती. बारा.

“तुझ्या आईचीच हायत,” काकू म्हणाल्या. “मागल्या खेपंची. कोंबड्या खुडूक बसल्या म्हनली, मला वाटलं आता बाळंतिनीला काय मिळंल? सुनंला दिली न्हाईत मग, तुझ्यासाठी ठिवली. एक बी फुटलं न्हाय बघ.”

मी त्या डब्याकडे बघत राहिले. इतकं फिरून ती पुन्हा माझ्याच मांडीवर आली होती. एकदा हसू येईल असं वाटलं आणि एकदा रडू. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई पुढे आली. तिनं डबा माझ्या ओटीतून उचलून स्वतःच्या छातीशी धरला.

“ही खायाची न्हाईत,” ती म्हणाली. “कोंबड्या खुडूक नव्हत्या. मी खोटं बोलले.”

आणि तिनं सगळं सांगितलं. पोती, खोली, पंखांखालची चिमटी, गांडुळं. कोंबडीनं ज्वारी कशी खाल्ली तेसुद्धा. त्याला दोघी-चौघी बायका हसल्याही. माझ्यापेक्षा तिनं ते चांगलं सांगितलं. काकूंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“म्हंजे पोटात हुता तवा हिनं खाल्ली ती?”

“व्हय,” आई म्हणाली. “मीच दिली. हातानं आनून दिली.”

काकूंनी नातवाकडे बघितलं. त्यांनी रागावावं असं मला वाटत होतं, म्हणजे आईला सोपं गेलं असतं. त्यांची सून भिंतीला टेकून उभी होती. वीस-बावीस वर्षांची पोरगी. तिचा मुलगा तिच्या पदराशी चाचपडत होता, भूक लागली असावी, आणि ती त्याचा हात बाजूला करत होती. एकदा केला, दोनदा केला.

“ताई,” तिनं मला विचारलं, “मग पाजू का नको?”

इतक्या वर्षांत वर्गात मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझी मुलगी पाळण्यात जागी झाली होती आणि ओठ हलवत होती. मलाही भीती वाटत होती. बारा दिवस, दर वेळी तिला जवळ घेतलं की क्षणभर वाटत होती, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मला पाठ होतं. पण भीती वाटायची ती वाटायचीच.

मी मुलीला उचललं आणि तिथंच, सगळ्या बायकांसमोर, पदराखाली घेतलं.

“पाज,” मी म्हटलं. “डॉक्टरांनी सांगितलंय, पाजायचंच. ये, इथं बस माझ्याजवळ.”

ती आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. तिचा मुलगा लगेच प्यायला लागला, चुटूचुटू आवाज करत. आई डबा घेऊन आमच्यासमोर उभीच होती. काकू उठल्या, तिच्या हातातून तो डबा घेतला आणि म्हणाल्या, “चल, कुठलं पिंप ते दाखीव.”